पाचवा उद्गार

"पाळकसाहेब, औंदा पाचवा मले नोको."

देवमन मिस्त्रीनं हे म्हटलं तेव्हा वाशीमच्या त्या लहानशा चर्चच्या खोलीत सहा माणसं चहा पीत होती. सहाही कप एकदम खाली आले. झावळ्यांचा रविवार होता, पाम संडे. उपासना आटोपून बायका अंगणात उभ्या होत्या, आणि पाळकसाहेबांनी टेबलावर येत्या शुक्रवारची यादी मांडली होती. यादी म्हणजे जुनीच, फक्त कागद नवा.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे ज्याला सारं जग गुड फ्रायडे म्हणतं त्या दिवशी, या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना चालते. प्रभू वधस्तंभावर टांगला होता ते हे तीन तास. त्या वेळात तो सात वाक्यं बोलला. त्यांना सात उद्गार म्हणतात, आणि मंडळीतली सात माणसं एकेका उद्गारावर उभं राहून बोलतात.

"नको म्हणजे?" पाळकसाहेबांनी विचारलं. ते नगरकडचे, वय चौतीस. वऱ्हाडात येऊन दोन वर्षं झाली होती, तरी कोणी 'नोको' म्हटलं की माणूस भांडायला आलाय असं त्यांना अजून वाटायचं.

"दुसरा कोणताई द्या. पयला द्या, सातवा द्या. नाई तं यंदा मले राहूच द्या."

आता हे म्हणणं सोपं होतं, करणं नव्हतं. या चर्चमधले उद्गार म्हणजे एस.टी.त रुमाल टाकून धरलेल्या जागा होत्या. पहिला उद्गार क्षमेचा: मारणाऱ्यांना माफ कर, बापा. तो तेवीस वर्षांपासून रविकांत सरांकडे होता. सर निवृत्त मुख्याध्यापक. या तेवीसपैकी शेवटची अकरा वर्षं ते सख्ख्या भावाशी बोलत नव्हते, कारण दोघांच्या सामाईक भिंतीतलं कडुनिंबाचं झाड. भाऊ डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसून दरवर्षी क्षमेवरचं प्रवचन शेवटपर्यंत ऐकायचा. शेजारच्या चोराला स्वर्गाचं वचन देणारा दुसरा उद्गार फुलसिंगकडे. तो जेलमध्ये शिपाई होता, चोरांचा त्याच्याइतका अनुभव मंडळीत कोणाला नव्हता. आई आणि मुलाचा तिसरा राखीबाई नर्सकडे. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, नाताळात फोन करतो. देवा, तू मला का सोडलंस, हा चौथा कोणालाच नको असायचा, म्हणून तो नव्या येणाऱ्या पाळकाच्या गळ्यात पडायचा. 'पूर्ण झालं' हा सहावा भागवत ठेकेदाराचा. त्यानं चर्चच्या आवारभिंतीचं काम चार वर्षांपूर्वी घेतलं होतं, आणि तो हे वाक्य उच्चारायचा तेव्हा अर्धी मंडळी खिडकीतून बाहेर बघायची. सातवा, आत्मा बापाच्या हाती सोपवण्याचा, मंडळीत सगळ्यांत म्हातारं जे असेल त्याला. तो दर दोन-तीन वर्षांनी आपोआप रिकामा व्हायचा.

राहिला पाचवा. 'मला तहान लागली आहे.' तो देवमनचा.

देवमन जवळच्याच अनसिंग गावचा. सातवी शिकलेला. एकतीस वर्षं पंचायत समितीच्या गाडीवर गावोगावचे हातपंप दुरुस्त करत हिंडला. एकवीस वर्षांपूर्वीचे पाळक गमतीनं म्हणाले, तहानेवर बोलायला पाण्याच्या माणसापेक्षा कोण बरा? आणि रुमाल पडला. बाकीचे कोणी वीस मिनिटं घेत, कोणी तीस. भागवत ठेकेदार एकदा पन्नासवर गेला होता. देवमन सात मिनिटांत खाली बसायचा. पण घरी जाताना बायका त्याचीच सात मिनिटं बोलायच्या.

त्याला कारण होतं त्याची चूक.

शास्त्रात लिहिलंय की तो तहानेचं बोलला तेव्हा तिथं आंब भरलेलं एक भांडं होतं. त्यात स्पंज बुडवून, काठीला लावून, तो त्याच्या तोंडाशी धरला. आंब हा जुना शब्द. देवमननं पहिल्या वर्षी तो वाचला तेव्हा त्याला कसलीच शंका आली नाही. आंब म्हणजे आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवलेलं, शिजवून पातळ केलेलं, मीठ-जिरं घातलेलं. उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात लोटाभर देतात ते. देवमन उभा राहून सांगायचा, "इतकं ऊन, इतके मारणारे. पण त्याच्यातल्या एका शिपायाच्या मनात आलं, का याचं तोंड सुकलं. अन् त्यानं आपल्या जेवणातली आंबील त्याले देल्ली. मारणाऱ्यातबी एक देणारा निघते, माह्या मायबापहो." मग तो आंबील कशी करतात तेही सांगायचा. तिथं बायकांच्या बाजूला त्याची बायको प्रयागबाई पदर सावरून ताठ बसायची, कारण ती कृती तिची होती.

उपासना संपली की दरवर्षी दारात रविकांत सर त्याला गाठायचे. "देवमन, आंब म्हणजे व्हिनेगर. सिरका. त्याला छळायला दिला होता तो."

"हो जी, सर."

आणि पुढच्या वर्षी पुन्हा आंबील. सरांनी त्याला एकवीस वेळा दुरुस्त केलं. जिल्ह्यातले निम्मे हातपंप दुरुस्त करणारा हा माणूस काही दुरुस्त झाला नाही.

"अदलाबदल करायची तर कोणीतरी तयार हवं," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी चहाकडे बघितलं.

"मिस्त्री, आमाले समजते ना," भागवत ठेकेदार म्हणाला. "वहिनी जाऊन दोन महिने नाई झाले. तू चार वाक्यं बोल अन् बस. पण सोडू नोको बाप्पा. तुह्या सात मिनिटांतच आमाले उसंत भेटते."

फुलसिंग हसला. देवमनही थोडा हसला, कारण हसायची जागा होती. मग त्यानं कप उचलून खिडकीत ठेवला आणि निघाला.

बुधवारी तो सरांच्या घरी गेला. सर अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मधल्या भिंतीपलीकडे भावाचं घर. कडुनिंबाचा पाला दोन्ही अंगणांत सारखाच पडत होता आणि दोघं आपापला झाडत होते.

"बस. पाणी घे."

"नोको जी. सर, तुमचा पयला मले द्या. या एकाच वर्षासाठी."

सरांनी चष्मा काढला. "पहिला तुला कशाला? क्षमा करायला आधी कोणीतरी अपराधी लागतो. तुझं जन्मात कोणाशी भांडण नाही. तू बोलणार काय?"

"हाये एकजण."

"कोण?"

"हाये."

सर शिक्षक होते. उत्तर येईपर्यंत गप्प बसायची त्यांना सवय होती. देवमन जमिनीकडे बघत राहिला.

"त्याले म्या माफ नाई केलं अजून," तो म्हणाला. "पण तुमचा उद्गार भेटला तं उभं राहून तसं म्हणाच लागंन ना. म्हणता म्हणता झालं तं झालं."

सरांना वाटलं, साळ्याशी काही झालं असेल. प्रयागबाईच्या तेराव्या दिवसाच्या प्रार्थनेला तो आला नव्हता, हे त्यांनी टिपून ठेवलं होतं. "उद्गार म्हणजे काय दवाखान्यातली गोळी आहे?" ते म्हणाले. "तेवीस वर्षं झाली, देवमन. लोकांना सवय असते."

"हो जी."

तो फाटकापर्यंत गेला तेव्हा सर मागून म्हणाले, आणि हे अगदी प्रेमानं म्हणाले, "आणि या वर्षी तरी व्हिनेगर म्हण!"

अनसिंगच्या गाडीत देवमनला खिडकी मिळाली. बाहेर तूर काढलेली रिकामी वावरं होती. त्यानं डोळे मिटले, आणि डोळे मिटले की जे व्हायचं तेच झालं.

फेब्रुवारीत प्रयागबाईच्या आतड्याला पीळ पडला. अकोल्याला नेलं. ऑपरेशन झालं, बरं झालं असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर आली ती पाणी मागतच. सिस्टर चांगली होती. तिनं देवमनला बाजूला घेऊन समजावलं, "बाबा, थेंबसुद्धा द्यायचा नाही. आतडं शिवलंय. फारच म्हणाल्या तर कापूस ओला करून ओठांना लावा. कितीही मागितलं तरी द्यायचं नाही. समजलं?"

देवमनला समजलं. एकतीस वर्षं त्यानं साहेबांचं ऐकलं होतं. सांगितलेली गोष्ट सांगितल्यासारखी करणं हाच त्याचा सगळा हुन्नर.

प्रयागबाईनं आधी साधं मागितलं. मग गोडीनं मागितलं. मग दुपारी बाराच्या सुमारास तिनं त्याला शिव्या दिल्या, आणि बाजूच्या खाटेवरची बाई हसली तेव्हा तिलाही हसू आलं. "पाहा माय, याच्याकडं," ती त्या बाईला म्हणाली, "साऱ्या दुनियेले पाणी पाजत फिरला. अन् मले एक घोट देत नाई."

त्यानं कापूस भिजवून तिच्या ओठांना लावला. तिनं तो दातांत धरला आणि चोखायला लागली. देवमन घाबरला. त्यानं कापूस ओढला. तिनं सोडला नाही. मग त्यानं तिची हनुवटी दाबून तो काढून घेतला.

त्यानंतर तिनं काही मागितलं नाही. चार वाजता ती गेली. आतड्यातलं विष आधीच अंगभर पसरलं होतं, डॉक्टर म्हणाले. आणि भला माणूस तो, धीर द्यायला म्हणून म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पाणी दिलं असतं तरी आता काही फरक पडला नसता."

ते एक वाक्य देवमन अकोल्याहून घरी घेऊन आला.

शुक्रवारी बेचाळीस डिग्री होतं. चर्चच्या फाटकावर, येत्या निवडणुकीला उभं राहायची इच्छा असलेल्या एका सज्जनांनी हात जोडलेल्या फोटोसह फ्लेक्स लावला होता: 'शुभ शुक्रवारच्या सर्व ख्रिस्ती बांधवांना हार्दिक शुभेच्छा'. आज शुभेच्छा देत नाहीत, हा शोकाचा दिवस आहे, असं पाळकसाहेबांनी त्यांना गेल्या वर्षी समजावून सांगितलं होतं. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं आणि या वर्षी फ्लेक्स थोडा मोठा केला.

आत वेदीवर फुलं नव्हती, क्रूसावर काळं कापड होतं. घंटा वाजली नाही. माणसं आली ती एकमेकांना 'जय ख्रिस्त' न म्हणता आली. त्या दिवशी नमस्कारही करत नाहीत. उपासवाल्यांनी सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं, तीनपर्यंत घ्यायचं नसतं. वर पंखे गरम हवा एका बाकावरून दुसऱ्या बाकावर नेऊन टाकत होते.

सरांनी सत्तावीस मिनिटं क्षमा केली. फुलसिंगनं त्याच्या जेलमधला एक चोर सांगितला, दरवर्षीचाच. तो हल्ली आणखी पश्चात्तापी झाला होता. राखीबाई मधेच थांबल्या, चष्मा पुसला, पुढे बोलल्या. पाळकसाहेबांनी चौथा घेतला, आणि गाणं झालं. मग त्यांनी कागदाकडे न बघता म्हटलं, "पाचवा उद्गार. देवमन खंडारे."

देवमन उठला. पुढे जाऊन उभा राहिला. बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर एक जागा मोकळी होती. तिथं कोणी सरकून बसलं नव्हतं.

"इतकं ऊन," तो सवयीनं म्हणाला. "इतके मारणारे. पण त्याच्यातल्या एका शिपायाच्या..."

तो थांबला.

"सर बरोबर सांगत होते," तो म्हणाला. "थे आंबील नोयती."

रविकांत सरांनी मान वर केली. एकवीस वर्षांनी पदरात पडलेला हा विजय, पण तो कुठं ठेवावा हे त्यांना कळलं नाही.

"आंबील द्याले मनात याव लागते. याचं तोंड सुकलं, असं दिसाव लागते. तिथं तसा कोणी नोयता. मी उगाच एकवीस वर्षं तुमाले सांगितलं. मले वाटे, कोणीतरी असंनच." त्यानं खिशातून रुमाल काढला आणि घाम न पुसता हातात धरला. "माह्या घरची मले म्हणे, पाणी दे. सकाळपासून म्हणे. सिस्टरनं नाई म्हटलं होतं, तं म्या नाई देल्लं. सिस्टरची चूक नाई. कापूस लावला होता ओठाले. थो तिनं दातात धरला. म्या... थो म्या तिच्या तोंडातून काढून घेतला. हनुवटी दाबून."

बाहेरच्या रस्त्यावरून एक ऑटो गाणं वाजवत गेला.

"मंग मले समजलं, तिथं उभे होते थे कसे माणसं असतीन. साधेच असतीन. सांगितल्यासारखं करणारे." त्यानं रुमाल परत खिशात ठेवला. "मले तहान लागली, असं थो बोलला. एवढंच हाये. दुसरं मले काई येत नाई."

तो वळला तेव्हा सर उभे राहिले होते.

पाचव्या उद्गारानंतर पहिल्याचा माणूस उभा राहतो, असं त्या चर्चमध्ये कधी झालं नव्हतं. पाळकसाहेबांनी हात अर्धा वर केला आणि तसाच ठेवला.

"एक दुरुस्ती आहे," सर म्हणाले. आवाज नेहमीचाच, वर्गातला. "माझी. ते भांडं छळायला ठेवलेलं नव्हतं. पहाऱ्यावरच्या शिपायांचं स्वतःचं पेय होतं ते. आंबट, पाणी घातलेलं. उन्हात ते तेच प्यायचे. म्हणजे देवमन म्हणायचा ते पुष्कळसं बरोबर होतं. हे मी नऊ वर्षांपूर्वी वाचलं."

"मंग काहून नाई सांगितलं त्याले?"

प्रश्न डावीकडच्या तिसऱ्या बाकावरून आला होता. भावाचा आवाज अकरा वर्षांत थोडा घोगरा झाला होता. सर तिकडे वळले.

"चूक माझी निघाली असती म्हणून," ते म्हणाले.

देवमन मधल्या वाटेतच उभा होता. "सर," तो हळूच म्हणाला, "मंग तं माह्यं जास्तच झालं. त्या शिपायानं तरी देल्ली."

सरांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. चेहरा कोरा झाला त्यांचा, फळ्यावरचं पुसून टाकावं तसा. त्यांनी पुढचा बाक दोन्ही हातांनी धरला.

"स्पंज होता, देवमन," ते म्हणाले. "लोटा नव्हता. ओठ ओले झाले असतील. तेवढंच."

"तेवढं तं होऊ द्याव लागते ना, सर."

आणि तो जाऊन आपल्या जागी बसला.

गाणं कोणी सुरू केलं नाही. घड्याळात अडीच वाजायला आले होते. पाळकसाहेबांनी भागवत ठेकेदाराकडे बघितलं. तो उठला. त्याच्या हातात आठ पानं होती. पुढे गेला, पानं उलटीसुलटी केली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "पूर्ण झालं आहे." मग खिडकीकडे बघून, कोणी विचारलेलं नसताना, "भिंतीचं मी पाहतो," असं पुटपुटला आणि बसला. हसू कोणाला आलं नाही. सातवा उद्गार एक्क्याऐंशी वर्षांच्या म्हातारीनं बसल्या जागेवरूनच म्हटला. मग उरलेला अर्धा तास सगळे गुडघ्यांवर होते. कोण काय मागत होतं हे ज्याचं त्याला ठाऊक. देवमनच्या ओठांची हालचाल काही दिसली नाही.

तीन वाजता माणसं न बोलता बाहेर आली. दारापाशी वडाखाली माठ भरून ठेवलेला होता, साखळीनं बांधलेला एकच स्टीलचा ग्लास. इथली रीत अशी की पहिला उद्गार ज्याचा, पाणी आधी तो घेतो. मग बाकीच्यांचा उपास सुटतो. सर पुढे झाले. त्यांनी ग्लास बुडवला, बाहेरून पुसला, आणि मागे वळून देवमनच्या हातात दिला.

देवमननं तो दोन्ही हातांनी धरला. काठोकाठ भरला होता. त्यानं तो तोंडापर्यंत नेला, आणि तिथंच थांबला.

मागे साठ-सत्तर माणसं उभी होती. पहाटेपासून कोणाच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता. ऊन वडाच्या सावलीच्या काठावर येऊन थांबलं होतं. पोरींच्या पिशव्यांत बाटल्या होत्या, कोणी झाकण उघडलं नाही. एक्क्याऐंशी वर्षांची म्हातारी नातीच्या खांद्यावर हात टेकून उभी होती. नातीनं खुर्ची आणू का विचारलं तर तिनं मान हलवून नको म्हटलं. सर साखळी ताणली जाऊ नये म्हणून ती हातात धरून माठाच्या जवळ थोडे वाकून उभे होते.

देवमन ग्लासातल्या पाण्याकडे बघत राहिला. घे लवकर, असं त्याला कोणीच म्हटलं नाही.